गोठ्यातली होडी

माझी होडी नऊ फुटांची. प्लायवूडची, मीच बांधलेली. डोलकाठीला वेळू आणि शिडाला निळी ताडपत्री. समुद्रकाठच्या नोकरीत शिडाची होडी हाकायला शिकलो. निवृत्त होऊन गावी आलो, तर धरणाचं पाणी आमच्या शिवाराला टेकलेलं. वर्षातून दोन-तीनदा मी आणि बायको स्टोव्ह, भाकरी अन् एक गोधडी घेऊन चार-चार दिवस धरणावर फिरायचो. मी मागे सुकाणूवर, ती पुढे गुडघे पोटाशी घेऊन. गाळ लागला की दोघांनी उतरून होडी ओढायची. याहून जास्त मला काही नको होतं, आणि हे लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"एवढीशी कशापायी? मोठी घ्यायची की." ज्याने धरणात कधी पाय भिजवला नाही, तोही हेच विचारायचा. वर माझी कीव करायचा. त्या किवेची मला आजही चीड येते.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गावचा पुढारी. माझ्या होडीने त्याला घराण्याची बेअब्रू झाल्यासारखं वाटायचं. दिवाळीनंतर त्याने माझ्यासाठी इंजिनाची, वीस फुटांची फायबरची बोट आणली. नारळ फोडला, मला फेटा बांधला. "आता जोडीनं फिरा, सायबावाणी," म्हणाला. आणि मी गाढव, हार घालून हसत फोटोला उभा राहिलो. त्याच दिवशी "जुनी मी ठिवतो" म्हणत त्याने माझी होडी आपल्या शेतावर नेली. मी त्यालाही मान डोलावली.

बायको मोठ्या बोटीत एकदाच बसली. उतरल्यावर म्हणाली, "म्या न्हाई यायची यात. तुमचं बोलणं बी ऐकू येईना." लहान होडी परत मागावी, तर दादाला काय वाटेल ही भीड. चार महिने आम्ही पाण्यावर गेलो नाही. घरातही बोलणं कमीच झालं.

उन्हाळ्यात पाणी हटलं आणि मोठी बोट गाळात बसली. आठ माणसांनी जोर लावला, हलली नाही. मला बरं वाटलं, लपवत नाही. तसाच बायकोला घेऊन दादाच्या शेतावर गेलो.

होडी गोठ्यात होती. काठोकाठ कडब्याची कुट्टी भरलेली आणि दोन म्हशी तोंड घालून खात होत्या. धुतल्यावर पाणी निघावं म्हणून तळाला भोक पाडलं होतं. माझं शीड कडब्याच्या गंजीवर पसरलं होतं.

"दादा, ही माझी होडी आहे."

"आरं, तुला मोठी आली नव्हं? ही बी कामाला लागली. गव्हाणीला माप कसं बरोबर बसलंय बघ."

माप खरंच बरोबर बसलं होतं. बायकोचे गुडघे मावावेत म्हणून मी पुढची बाजू रुंद ठेवली होती, तिथेच म्हशीचं तोंड होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दादावर ओरडलो, "मला मोठी नको होती! तेव्हाही नको होती!"

"फोटोत तर हसत हुतास," दादा म्हणाला.

दादाइतकाच मला माझाही संताप आला होता.

बायको मागे उभी होती. ती पुढे आली, म्हशीचं तोंड बाजूला सारलं, दोन्ही हातांनी कुट्टी बाहेर फेकली आणि आपल्या जागी गुडघे पोटाशी घेऊन बसली.

"भोक बुजवा," ती मला म्हणाली. "तवर म्या हितनं उठत न्हाई."

दादा म्हशी सोडायला लागला.