काकूंची टेप

आमच्या गल्लीत नवं गटार झालं. ग्रामपंचायतीने कोपऱ्यावर फलकही लावला: एकूण खर्च, ठेकेदाराचं नाव, लांबी साठ मीटर. लोक त्या फलकाला सायकली टेकवतात, वाचत कुणीच नाही. आज सकाळी मात्र शिवणकाम करणाऱ्या शेवंताकाकू गळ्यातली टेप काढून गटाराच्या कडेकडेने वाकत चालल्या होत्या. टेप दीड मीटरची, म्हणून दर दीड मीटरला खडूची खूण.

“काकू, सरपंचांवर संशय आहे का?” मी विचारलं.

“संशय कशाला गं? गिऱ्हाइकाला मी उरलेला तुकडासुद्धा परत देते. ते संशय घेतात म्हणून नव्हे, कापड त्यांचं असतं म्हणून.”

मी टेपचं दुसरं टोक धरलं. गटार आपल्याच घरपट्टीतून होतं, पण आपण ते कुणी आहेर केल्यासारखं घेतो आणि आहेराचं माप काढायचं नसतं. विचारणं म्हणजे भांडणं, असंच वाटत आलंय. ग्रामसभेला मी कधी जात नाही. पंचायतीचा शिपाई सभेचं रजिस्टर सहीसाठी घरी आणतो. भला माणूस, उन्हातून येतो. मी न वाचता सही करते. गटार पूर्ण झाल्याच्या ठरावावरही अशीच केली.

बावन्न मीटरवर गटार संपलं. पुढे नुसती माती.

काकूंनी शेवटची रेघ ओढली. “साठ मीटर झालं म्हणून सह्या कुणी केल्या असतील गं?”

मी हातातलं टोक गुंडाळू लागले. सहीच्या दिवशी शिपायाला चहासुद्धा मीच पाजला होता.