वडिलांचा व्यवसाय

आबांची घोंगडी उन्हात टाकली की लोकरीचा वास सुटतो आणि मला न्यूझीलंडमधलं ते कुरण आठवतं. मी तिकडे नोकरीला होते आणि वाटूरच्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेले आबा मला भेटायला आले होते. रस्त्याकडेच्या कुरणात एक मेंढी लंगडताना दिसली, तसे ते कुंपण ओलांडून गेले आणि तिला आडवी पाडून खुरातला काटा काढू लागले. मेंढीचा मालक धावत आला. मी माफी मागणार, तोच त्याने टोपी काढून आबांचा हात हातात घेतला. “हा बी आपल्यावाणी मेंढक्याच दिसून राह्यला,” आबा म्हणाले. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ लिहून वेळ मारून नेली होती. परवा परतूरच्या तहसीलमध्ये मी ‘मेंढपाळ’ लिहिलं आणि आबांना वाचून दाखवलं. अक्षरओळख नसलेले आबा म्हणाले, “आत्ता बराबर लिवलं, माय.”