शिळं पाणी आणि चार पानं

आमच्या बेळगावच्या गल्लीत नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं आणि ते आलं की माणसांना दानाचा झटका येतो. नव्या पाण्याची चाहूल लागताच घरातलं साठवलेलं सगळं पाणी एका क्षणात शिळं होतं. कालपर्यंत ज्याच्या एका तांब्यावरून घरात आवाज चढलेले असतात, तेच पाणी बादल्यांनी बाहेर येतं. गटारीत ओतायला जीव होत नाही. मग ते जातं कुंड्यांत. झाडांना तहान आहे का, हे विचारायची पद्धत नाही. समोरच्या घरी तर दारातल्या प्लॅस्टिकच्या झाडालाही अर्धी बादली मिळते. माझ्या मते गल्लीत पाणी मानवलेलं तेवढं एकच झाड.

अशा दानशूर गल्लीत माझ्या मुलीनं बंगळूरला नोकरीवर जाताना आपलं सक्युलंट माझ्या हवाली केलं. पदवीनंतर सबंध वर्ष ती नोकरीची वाट बघत घरात होती. त्या वर्षी एका गळलेल्या पानापासून तिनं हे जाड, गुबगुबीत पानांचं झाड वाढवलं. त्या वर्षातलं दाखवण्यासारखं तिच्याकडे एवढंच होतं.

"पप्पा, खोली मिळाली की न्यायला येते. माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. आत्यालाही सांगा."

आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आमची आक्का. निपाणीहून आमच्याकडे राहायला आलेली. मी सांगितलं. वर्गात सांगतो तसं, हातवारे करून सांगितलं, की हे झाड उंटासारखं पाणी साठवून असतं. आक्कानं मान डोलावली. माझे विद्यार्थीही अशीच मान डोलावतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चिकोडीचं एक लग्न आटोपून दोन दिवसांनी परतलो, तर कुंडीत तळं आणि खालची बशी काठोकाठ.

"आक्का, हे काय?"

"नळ आलता. जुनं पाणी गटारीत वतू व्हय? बिचारं वाळून चाललतं, आनि तू त्याला उंट म्हणतोस."

"मरंल ते!"

"पाण्यानं कोण मरतंय रं? मास्तर झालास, पर अक्कल न्हाय आली."

आक्काच्या अडाणीपणावर मी जेवताना, चहा पिताना आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं दारात उभं राहून तीन-चार व्याख्यानं दिली. आठवड्यानं पानं सुरकुतली. सुरकुती म्हणजे तहान, असं एका व्हिडिओत मी पाहिलं होतं. म्हणून कुणाला न सांगता तांब्याभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक तांब्या. आक्का निदान उघडपणे घालत होती.

पानं शिजलेल्या दुधीच्या फोडींसारखी पारदर्शक झाली, तेव्हा शेजारच्या अण्णांना बोलावलं. अण्णांचं आयुष्य उद्यमबागेतल्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत वाळूचे साचे करण्यात गेलेलं. त्यांनी कुंडीतली माती मुठीत दाबली आणि मूठ उघडली. बोटांच्या ठशांसकट गोळा तसाच, आणि तळवा ओला.

"सर, असल्या ओल्या वाळूत बिडाच्या लोखंडाचा तापलेला रस वतला तर साचा उडतोय. फौंड्रीतनं हाकललं असतं तुम्हांस्नी."

"पण पानं सुकली होती, अण्णा."

"मुळंच कुजल्यात, पिणार कशानं? माती मुठीतनं भुगा होऊन सांडली पायजे, मग पाणी. द्यायचं तर खालनं निथळूस्तर द्यायचं आनि बशीतलं वतून टाकायचं. रोज घोट घोट न्हाय."

वीस वर्षं मी विज्ञान शिकवतो. कुंडीत बोट घालून बघायचं एकदाही सुचलं नव्हतं.

अण्णांनी झाड उपटलं. बुंधा काळा आणि मऊ. ते खालून कापत वर गेले. प्रत्येक चकतीत काळा ठिपका. शेवटी शेंड्याची चार धड पानं उरली.

"ही कागदावर सावलीत ठेवा. महिनाभर पाण्याचं नाव काढायचं न्हाय."

मी कागद कपाटावर ठेवला. तिथं आक्काचा हात पोचत नाही, आणि स्टूल घेतल्याशिवाय माझाही.

महिन्यानं मुलगी आली. चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, "झाड कुठाय?"

मी एक झकास वाक्य जुळवून ठेवलं होतं, ज्यात सगळा दोष आक्काचा होता. पण आक्काच आधी बोलली. "मी नि तुझ्या पप्पानं मिळून बुडवलं गं बाई. मी बादलीनं, ह्यानं तांब्यानं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. महिनाभर माझी व्याख्यानं ऐकत होती.

मी स्टुलावर चढून कागद खाली काढला. तीन पानं वाळून काटक्या झाली होती. चौथ्याच्या देठाशी केसांसारखी गुलाबी मुळं फुटली होती, आणि त्यांत मोहरीएवढा हिरवा कोंब. कुणाचाही थेंब न घेता. पोरीनं ते अलगद तळहातावर घेतलं. मग रिकाम्या डबीत कापूस घालून तिनं ते पान ठेवलं.

"इथं राहू दे की," मी म्हणालो. "आता शिकलोय मी."

"नको, पप्पा."

ती गेली, आणि दोन दिवसांनी नळ आला. शिळ्या पाण्याची बादली घेऊन आक्का दारात उभी राहिली, रिकाम्या कुंडीकडे बघत.

"आता हे कुणाला घालू रं?"

मी समोरच्या प्लॅस्टिकच्या झाडाकडे बोट दाखवलं. ती निघालीसुद्धा.