तळहातावरचा पांढरा रस्सा

तळहातावर गरम पांढऱ्या रश्शाचा थेंब पडला की आधी चटका जाणवतो, मग नारळाच्या दुधाचा स्निग्ध गंध नाकाशी येतो आणि त्याच्या मागून खसखस, मिरे, दालचिनी एकेक करून आपली ओळख सांगू लागतात. जिभेला अजून काही कळलेलं नसतं, पण सगळं शरीर सावध झालेलं असतं. इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझ्या उजव्या तळव्याच्या खळग्यात ती ऊब पुन्हा जागी झाली आहे, आणि तिच्याबरोबर तो दिवसही. त्या दिवशीचा धक्का माझ्या मनातून अजून पुरता ओसरलेला नाही.

कोल्हापुरात कुठं काय खावं हे मला विचारावं, असा आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत नव्वदीच्या दशकात प्रघातच पडला होता. कुणाकडे पाहुणे आले, कुणी नवी शिक्षिका बदलून आली, की वर्गाची घंटा होईपर्यंत माझं प्रवचन चालायचं. सकाळी मिसळ खा, पण पाव मागू नका, इथं तिच्या सोबतीला स्लाइस ब्रेडच शोभतो. संध्याकाळी खासबागेकडची भेळ खा. गंगावेशीत उभ्या उभ्या म्हशीचं धारोष्ण दूध प्या, आणि ओठांवर फेसाची मिशी आली तर लाजू नका, शेजारच्यालाही आलेली असते. जेवण झाल्यावर कॉकटेल घ्या. दचकू नका हो! आइस्क्रीम, फळं, जेली आणि सुका मेवा भरलेल्या उंच ग्लासाला आमच्या गावात असं नाव आहे, आणि अगदी सोवळ्यातली माणसंही ते चमच्यानं तळ खरवडून खातात. बाहेरगावच्या हॉटेलांत मिळणारी ती लालभडक ‘व्हेज कोल्हापुरी’ मात्र इथं शोधू नका. आम्हालाही ती बाहेरगावीच पहिल्यांदा भेटली.

शिफारस म्हणजे तरी काय असतं? आपली जीभ दुसऱ्याला विश्वासानं उसनी देणं! तिला जे रुचलं ते तुम्हालाही रुचेल, अशी हमी आपण कशाच्या बळावर देतो, कोण जाणे. पण देतो खरी, आणि समोरचाही बिचारा ती घेऊन निमूटपणे रिक्षात बसतो.

माझ्या सगळ्या शिफारशींची सांगता मंगळवार पेठेतल्या आक्काच्या खानावळीत व्हायची. घराच्या पुढच्या खोलीत बाकं, दाराशी गल्ल्यावर तिचा नवरा, ज्याला सगळे ‘मालक’ म्हणत, आणि आत चुलीपाशी स्वतः आक्का. आक्का निपाणीकडची. बोलण्यात कानडीचा हेल, कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. बायकांनी खानावळीत बसून मटण खाणं तेव्हा फारसं रूढ नव्हतं, म्हणून तिनं आम्हा बायकांसाठी आत, स्वयंपाकघरातच एक बाक टाकला होता. त्या बाकावरून मला तिचा सारा संसार दिसे. पांढऱ्या रश्शाचं पातेलं उतरलं की ती मालकांना हाक मारायची. ते यायचे, तळहात पुढे करायचे, ती पळीनं त्यावर थेंबभर रस्सा सोडायची. मालक तो चाटत, डोळे मिटत आणि म्हणत, “झकास.” मग वाढपाला सुरुवात. मला वाटे, किती गोड रीत आहे ही! नवरा-बायकोच्या जुन्या लडिवाळपणाचा हा एक चविष्ट अवशेष असावा, असं समजून मी मनातल्या मनात हसत असे.

आणि तो रस्सा! शरदाच्या चांदण्याला उकळी फुटावी तसा शुभ्र, जिभेवर मृदू आणि घशाखाली उतरताना मिऱ्याची हलकी टोचणी देणारा. रत्नागिरीहून बदलून आलेल्या माझ्या एका मैत्रिणीपुढे मी आठवडाभर त्याचं स्तोत्र गायलं होतं. पावसाळा नुकता सरला होता. एका रविवारी दुपारी मी तिला आक्काच्या बाकावर नेऊन बसवलं, वाटी पुढे आली, आणि मी माझी वाटी न उचलता तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

तिनं घोट घेतला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. सौजन्यानं तिनं दुसरा घोट घेतला आणि माझ्याकडे पाहून कसंनुसं हसली. मी घाईनं माझी वाटी तोंडाला लावली, आणि हबकलेच! मीठच नव्हतं. कमी होतं असं नव्हे, मुळात घातलेलंच नव्हतं. तेवढ्यात बाहेरून गडगडाटी आवाज आला, “ओ आक्का, आज मीठ इसारलासा व्हय?” हे हुपरीचे एक चांदीकाम करणारे काका. पैंजणांचा माल घेऊन ते कोल्हापुरात येत आणि आक्काकडे जेवल्याशिवाय परतीची एसटी धरत नसत.

माणूस चुकतं, मीठ विसरतं, त्यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? पण आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. पळी हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिनं पातेल्याकडे पाहिलं नाही, गिऱ्हाइकांकडेही नाही. ती मालकांकडे पाहत होती.

“तुमी तर झकास म्हणलासा की,” ती म्हणाली.

मालकांची मान खाली गेली. बाकांवरचे सगळे घास जिथल्या तिथं थांबले. ते पुटपुटले, “जीभ गेलीया माझी. पावसात ताप आलता न्हवं, तवापास्नं कायबी कळत न्हाय. गूळबी मातीगत लागतोय.”

“आन मला सांगितलं न्हाईसा?”

“सांगितलं असतं तर तू सोता चाखला असतास,” मालक म्हणाले. “माझ्यापायी बाप सुटला तुजा, घर सुटलं. एवढं एकच ठिवलंयस. त्येबी माझ्यापायीच सोडायचं व्हय?”

क्षणभर मला काही उमगेना. मग आक्काचा हात नकळत गळ्याशी गेला, पदर सरला, आणि चांदीची ती छोटी डबी मला पहिल्यांदाच दिसली. इष्टलिंगाची डबी! आक्का शाकाहारी लिंगायत घरातली होती. मराठा माणसाशी लग्न केलं म्हणून माहेर तुटलं होतं. सासूच्या हाताखाली डोळ्यांनी आणि नाकानं ती ही सगळी पाककला शिकली, सासूमागं खानावळ तिनंच चालवली, आणि तरीही मांसाचा कण किंवा रश्शाचा टिपूस आजवर आपल्या जिभेवर येऊ दिला नव्हता. अरे देवा! ज्या रश्शासाठी मी अख्खी शिक्षकखोली डोक्यावर घेतली होती, तो रांधणारीनं कधी चाखलाच नव्हता! आणि ज्या ‘झकास’वर मी लडिवाळपणाचा शिक्का मारला होता, त्यावर एका बाईचं व्रत आणि एका घराची चूल तोलून धरलेली होती. तिचा हात अचूक होता म्हणून गेले काही आठवडे त्या माणसाचं खोटं खपून गेलं. आज तिचा हात एकदाच चुकला, आणि सगळं उघडं पडलं.

आक्का मागे वळली. तिनं पातेल्यात मीठ घातलं, ढवळलं, पळी उचलली आणि आपल्याच तळहातावर रस्सा सोडला. तो हात ती तोंडाकडे नेऊ लागली. मालक गल्ल्यावरून धडपडत उठले. एका संथ, अटळ गतीनं तो हात वर चालला होता.

“थांबा आक्का!” हुपरीचे काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, खरकटा हात मागे आणि डावा तळवा पुढे. “हितं घाला. आमच्या एवढ्या जिभा हायेत की, त्या काय गहाण पडल्यात व्हय?”

आक्कानं हात खाली घेतला. पदरानं तळवा कितीतरी वेळ पुसत राहिली आणि मग त्या पुढे आलेल्या हातावर थेंब सोडला. काकांनी चाटला. “चिमूटभर अजून,” ते म्हणाले. माझी मैत्रीण रडत होती, आणि मीही.

त्या दिवसापासून तिथं नवीच रीत सुरू झाली. दुपारी पहिलं येईल त्या गिऱ्हाइकानं आत जायचं आणि तळहात पुढे करायचा. जात विचारायची नाही, ओळख विचारायची नाही. कितीतरी अनोळखी पाव्हण्यांनी गोंधळून हात पुढे केला असेल आणि आपण कशाचे राखणदार झालो आहोत हे न कळताच जेवून गेले असतील!

दोन हजार साल उलटल्यावर मालक गेले. खानावळ चालूच राहिली. पुढे एकदा भरदुपारी, कुणी यायच्या आधी, मी गेले होते. आक्कानं स्वतःसाठी हुग्गी केली होती, सीमेकडची ती गव्हाची, गूळ घातलेली खीर. ती वाटी तिच्या पुढ्यात होती, पातेलं नुकतं उतरलं होतं. तिनं माझ्या तळव्यावर थेंब सोडला. मी चाटला, मान डोलावली. ती मात्र माझ्या चेहऱ्यावरची नजर काढेना.

“बाई,” ती म्हणाली, “लागतो तरी कसा ओ ह्यो?”

मी चमकले. आयुष्यभर हे पातेलं उकळत ठेवलेल्या बाईनं हे कुणालाच विचारलं नव्हतं?

“मालक नुसतं झकास म्हणायचे,” ती पुढे म्हणाली. “आन शेवटी तर ते सगळं खोटंच निघालं. मग आदीचं तरी खरं हुतं का न्हाय, कुणास ठावं. इचारायचं ऱ्हाऊनच गेलं.”

चांदणं, स्निग्धता, मृदुता. माझी सारी शब्दसंपदा मी चाचपून पाहिली. त्यातला एकही शब्द त्या चुलीपाशी उभा राहीना. तुमच्या हुग्गीसारखाच उबदार, असं सांगावंसं वाटलं, पण हुग्गी गोड आणि हा गोड नव्हे. अखेर माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

“झकास.”

आक्काचे डोळे भरून आले आणि ती हसली.

“म्हंजे आदीचं खरं बोलत हुते की ते,” ती म्हणाली, आणि हुग्गीची वाटी जवळ ओढून जेवायला बसली.

माझ्या तळव्यावर रश्शाचा ओलसर डाग अजून उबदार होता. हात धुवायला मी उठले नाही.