राखून ठेवलेली बाटली

फ्रिज उघडायचा, इडलीच्या पिठाचं भांडं बाजूला सारायचं आणि तान्हं बाळ उचलावं तशी ती बाटली दोन्ही हातांनी बाहेर काढायची. पाहुण्यांना दाखवून झाली, की कुणी ओपनर शोधायच्या आत परत जागेवर. "थांबा ना जी," भाऊ म्हणायचे, "डेट करंट होऊ द्या."

अमेरिकेत राहणाऱ्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. ग्रीन कार्डाच्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या रांगेत आपली तारीख येणं म्हणजे करंट होणं. भाऊ मूळचे नागपूरचे, इथे अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये आमचे शेजारी, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर. अर्ज गेला त्या संध्याकाळी त्यांनी ती बाटली आणली होती. दक्षिण फ्रान्समधली पांढरी वाइन, दोन-तीन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली, अजिबात गोड नसलेली. लेबलवर द्राक्षमळ्याचं चित्र. कार्ड आलं की ही प्यायची आणि मग तो मळा बघायला जायचं, असं त्यांचं आणि वहिनींचं ठरलं होतं. तोवर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. परत यायला व्हिसाचा शिक्का नाही मिळाला तर बाहेरच अडकायचं!

या भीतीपायी वहिनी स्वतःच्या आईच्या शेवटच्या दिवसांतही नागपूरला गेल्या नाहीत. अंत्यदर्शन फोनवर घेतलं. त्यानंतर बाटलीचा विषय निघाला की त्या उठून आत जायच्या. श्रीखंडाच्या डब्याला जागा नसली की तेवढ्या कुरकुरायच्या, "प्या तरी, नाहीतर फेका तरी."

एकदा पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, वाइनमधला एक जाणकार आला होता. त्याने बाटली उजेडात धरली. आतला रंग कोऱ्या चहासारखा झाला होता.

"भाऊ, ही साठवायची वाइन नाही हो. ताजी असतानाच संपवायची. आता काही उरलं नसेल हिच्यात."

भाऊंनी बाटली हळूच काढून घेतली. "आपण टिकून राहिलो ना बाप्पा? तीही टिकेल."

सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या हिवाळ्यात भाऊंची नोकरी गेली. दुसरी शोधायला सरकार देतं ती मुदत बघता बघता सरली. मुलाखतीत सगळे गोड बोलले, पन्नाशीच्या माणसाला घेतलं कुणी नाही.

कायमचं नागपूरला निघायच्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. रिकामा फ्रिज पुसून आले असावेत, बाह्या ओल्या होत्या. हातात बाटली.

"भाऊ, उघडू या का आता?"

"काहून? तुमचा अर्ज आहे ना रांगेत. तुमची डेट करंट झाली की उघडा. मळा बघून या. फोटो पाठवा."

त्या बाटलीत काही उरलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. रांगेत मी त्यांच्या कितीतरी मागे आहे. "नक्की पाठवतो," म्हणालो आणि बाटली दोन्ही हातांनी घेतली.

परवा आमच्याकडे मित्र जेवायला आले होते. एकाने फ्रिज उघडला आणि ओपनर मागितला.

"थांबा," मी म्हणालो, आणि फ्रिजचं दार लावून घेतलं.