लवॉनच्या सॅलडवर फुटलेलं खापर

आर्डिस टोलेफसनने गावच्या शाळेत तेवीस वर्षं स्वयंपाक केला. मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात तिच्या हातचं जेवून मोठी झालेली पोरं आता बँकेत होती, दवाखान्यात होती, एक तर पोलिसात होता. त्यातलं एकही आपल्या अन्नाने कधी आजारी पडलं नाही, हे ती वर्षातून दोन-चारदा तरी ऐकवायची.

निवृत्त झाल्यावर तिने स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, घ्यायचं ठरवलं. चर्चमधल्या सगळ्या बायकांकडे तो होता. कुणाच्या मयताचं जेवण असलं की चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर पाच-सहा कुकर ओळीने वाफाळत असायचे. दुकानात गॉर्डीने दोन दाखवले. तिने मोठा उचलला, आत जाड मातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण असलेला.

"चांगला आहे, मिसेस टोलेफसन. फक्त आतलं माहितीचं पुस्तक वाचून घ्या."

"गॉर्डी, पहिलीपासून सहावीपर्यंत तुला मी जेवू घातलंय. आता तू मला शिजवायला शिकवणार?"

गॉर्डी ओशाळून हसला. पुस्तक घरी आल्या आल्या खणात गेलं.

जूनमध्ये म्हातारे सेल्मर हाउगन वारले. दफनानंतरच्या जेवणाला आर्डिसने राजमा करायचा ठरवला. बाकीच्या बायका डब्यातला शिजलेला राजमा ओततात, म्हणून हिने मुद्दाम वाळलेला आणला. रात्रभर भिजवला आणि पहाटे कांदा, काकवी, खारवलेलं डुकराचं मांस घालून कुकरमध्ये मंद आचेवर लावला. दुपारी एक दाणा चावून पाहिला. किंचित टणक लागला, पण चव झकास होती. लोकांनी भांडं चाटूनपुसून साफ केलं. आर्डिस वाढत होती, तिच्या वाट्याला घासभरही उरला नाही.

तीन वाजता सेल्मरच्या मुलीला उलटी झाली. मग तिच्या नवऱ्याला. मग पटांगणात गाड्यांच्या आडोशाला एकेक जण वाकायला लागला. एकूण सतरा जण. दोघांना सलाईन लावावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळे सावरले, पण बापाला पुरून आलेली मुलगी दवाखान्यात झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या पाळकांचा फोन आला. "लवॉनचं बटाट्याचं सॅलड असणार, असं सगळे म्हणताहेत. अंडी, मेयॉनेज, आणि हा उकाडा. तुम्हाला काय वाटतं?"

"असेल," आर्डिस म्हणाली.

पण तो टणक दाणा तिच्या मनातून जाईना. दुपारी तिने खण उघडला. पुस्तकाच्या चौथ्या पानावर चौकटीत छापलं होतं: वाळलेला तांबडा राजमा आधी दहा मिनिटं खळखळून उकळावा, नुसत्या मंद आचेवर शिजवल्यास तीव्र उलट्या होऊ शकतात. तिने ते तीनदा वाचलं.

गुरुवारी लवॉन ब्रेकी स्वतःच दारात आली. एकटी राहणारी विधवा बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "आर्डिस, तू जन्मभर शिजवलंयस. खरं सांग बाई, माझं कुठे चुकलं? मी वाडगा बर्फात ठेवला होता गं. माझ्या आईची रीत आहे ती, चाळीस वर्षं करतेय."

आर्डिस भलतंच बोलून गेली. "उन्हाळ्यात मेयॉनेजचा काही भरवसा नसतो, लवॉन."

"असं होय," लवॉन म्हणाली. "तू म्हणतेस तर तसंच असेल." आणि वर आभार मानून गेली.

रात्री आर्डिसने नवऱ्याला सांगितलं. मर्ल म्हणाला, "सतराच्या सतरा बरे झाले ना? मग आता कशाला उकरतेस?" तिलाही तेच ऐकायचं होतं. तीन आठवडे तिने ते मनात दाबून काढले.

चार जुलैच्या चर्चच्या सहलीला लवॉनने विकतचे पाव आणले, किमतीची चिठ्ठीही न काढता. एकाने ओरडून विचारलं, "लवॉन, दुकानातले ना? मग खातो!" सगळे हसले. लवॉनही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. आर्डिसने हातातली ताटली तशीच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती लवॉनच्या घरी गेली. लवॉन ओसरीत मटार सोलत होती. आर्डिसने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

लवॉनचे हात थांबले नाहीत. "त्या गुरुवारी मी तुझ्याकडे आले, तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

दोन-तीन शेंगा सोलून झाल्या. "रविवारी सगळ्यांसमोर सांग."

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी आर्डिस उभी राहिली. राजमा आपला होता, पुस्तक वाचलं नव्हतं, लवॉनचा काही दोष नाही, असं म्हणून खाली बसली. सगळीकडून "एवढंच होय!" सुरू झालं. सेल्मरच्या मुलीने तिला मिठी मारली. पावांची थट्टा करणारा म्हणाला, "आर्डिस, माझ्या मुलीच्या लग्नात तूच राजमा कर. पाहुणे लवकर घरी जातील!" खसखस पिकली.

लवॉनने पर्स उचलली आणि ती बाहेर पडली. आर्डिस धावत मागे गेली. लवॉन गाडीत बसली होती.

"अर्धंच सांगितलंस," लवॉन काचेतून म्हणाली.

आर्डिस परत आत आली. लोक अजून हसत होते. ती दारातूनच बोलली, "अजून एक आहे. लवॉन मला विचारायला आली होती. तोवर मला सगळं कळलेलं होतं. तरी मी तिच्या तोंडावर सांगितलं की चूक तुझीच."

या वेळी कुणी मिठी मारली नाही. पाळकांनी कप खाली ठेवला. मर्ल बुटांकडे पाहत राहिला. बाहेर लवॉनची गाडी कधीच निघून गेली होती.

गावच ते, बुधवारपर्यंत सगळं लवॉनच्या कानावर गेलं. तिचा फोन मात्र आला नाही. ऑक्टोबरात चर्चच्या जेवणानंतर दोघींची भांडी घासायची पाळी एकत्र लागली. तासभर दोघी शेजारी उभ्या होत्या. लवॉन ताटं विसळून पुढे करायची, आर्डिस पुसायची. शेवटी लवॉन एवढंच म्हणाली, "फडकं भिजलंय तुझं. दुसरं घे."