पडक्या पाणचक्कीतले पीठ

गिरणीवरून जाताना कोमट पिठाचा वास आला की मला तो तपास हटकून आठवतो. तेव्हा मी कडेगावच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळीच एक ऊसवाला शेतकरी आला. ऐंशीच्या घरातले त्याचे वडील आदल्या सकाळी बाहेर पडले, ते परतलेच नव्हते. ठाणे अंमलदाराने मिसिंग नोंदवली.

पण हा गडी सारखा घड्याळ बघत होता. "सायब, बारा वाजता माझी कालव्याच्या पान्याची पाळी हाय. उसात पानी फिरवायला, दारं धरायला घरात दुसरं कोण न्हाई. जाऊ द्या मला."

बाप बेपत्ता आणि याला उसाची काळजी. माझे डोकेच फिरले. त्यात शेजाऱ्यांकडून कळले की परवा बापलेकांचे कडाक्याचे भांडण झाले होते. मी त्याला बाकावर बसवून उलटसुलट विचारू लागलो.

"भांडण कशावरून?"

"वढ्याकडंची पानचक्की, सायब. आज्यानं चालवल्याली. मी म्हनलं, पडकीच हाय, दगडं काढून मोटारीची खोली बांधू. आबा लय बिघडलं."

मला ते पटले नाही. खोटे बोलणारा माणूस आपल्याला लगेच कळतो, अशी माझी घमेंड होती. बारा वाजून गेले. तो रडकुंडीला आला, तरी मी सोडले नाही.

तेवढ्यात पोलीस पाटलांचा फोन आला. शेळ्या राखणारी एक बाई सांगत होती, की बरेच दिवस पडक्या चक्कीतून जात्याला छिन्नीने टाकी लावल्यासारखा ठकठक आवाज यायचा. काल दुपारपासून तो बंद होता. मी हे मोठ्याने सांगितले आणि मुलगा ताडकन उठला.

"सायब, माझ्या पाळीचं पानी त्या चक्कीच्या खालनंच जातंय."

आम्ही जीपने धावलो. घाणेरीतून वाट काढत खाली उतरलो आणि मी बघतच राहिलो. चुन्याचा कण न वापरता बसवलेले काळे दगड, वरून पाणी आणणारी दगडी पन्हळ, खाली माणूस उभा राहील एवढी चाकाची खोली. चाकाला बाभळीची नवी पाती बसवलेली होती. त्याच्याशेजारी, निसटलेल्या तुळईखाली पाय अडकून, म्हातारा पडला होता. ओठ कोरडे, पण शुद्धीवर होता.

तुळई उचलून आम्ही त्यांना वर आणले. रुग्णवाहिकेची वाट बघत असताना त्यांनी मुलाला विचारले, "आज पाळी आपलीच न्हवं?"

"व्हय, आबा."

"मग सोड की पानी."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

पाणी पन्हळीतून खाली आदळले. चाक कुरकुरले, अडले, मग फिरले आणि वरचे अजस्र दगडी जाते सावकाश फिरू लागले. म्हाताऱ्याने खिशातले मूठभर जोंधळे माझ्या हातावर ठेवले. मी ते जात्याच्या तोंडात टाकले. कडेने पीठ पडू लागले. हात लावला, तर कोमट होते. मुलगा चक्कीच्या भिंतीला कपाळ टेकून रडत होता.

ठाण्यात परतून डायरीत लिहिले, 'बेपत्ता इसम जिवंत मिळून आला.' वरिष्ठांनी पाठ थोपटली. खरे काय ते मी कुणाला सांगितले नाही. मुलगा खरेच बोलत होता. त्याच्यावर विश्वास ठेवून बाराच्या आत सोडले असते, तर त्याने स्वतःच्या हाताने बापावर पाणी सोडले असते. माझा संशय चुकीचा होता आणि त्यानेच म्हातारा वाचला. तेव्हापासून माणूस मला लगेच कळतो, असे मी पुन्हा म्हणालो नाही.